मालक निरंक, वापर निरंक, मूल्य निरंक : एका धर्मशाळेसाठी खुले पत्र

प्रति,
रस्ता रुंदीकरणाचे काम पाहणारे सर्व माननीय अधिकारी,
तसेच आमच्या गावच्या सरपंच आणि ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य यांस

विषय : वेशीबाहेरची जुनी धर्मशाळा पाडण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमची माणसे गावात आली आणि धर्मशाळेच्या दर्शनी खांबावर लाल रंगाने फुली मारून गेली. तशाच फुल्या रस्त्याकडेच्या बाभळींवर आहेत, दोन बंद पडलेल्या टपऱ्यांवर आहेत. चार दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागली. तीत धर्मशाळेसमोर लिहिले आहे : 'जुने दगडी बांधकाम, मोडकळीस आलेले. मालक निरंक. वापर निरंक. मूल्यांकन निरंक.'

ती ओळ मी उभ्या उभ्या चार-पाच वेळा वाचली आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

नुसता अर्ज दिला असता तर त्याची पोच मिळाली असती आणि तो फायलीला लागला असता. पण धर्मशाळा वाटेने जाणाऱ्या सगळ्यांची आहे, म्हणून पत्रही सगळ्यांना वाचता यावे असे लिहितो आहे. यात खात्याचे, ठेकेदाराचे, कोणा साहेबांचे नाव नाही. माझे भांडण माणसांशी नाही. गावाचेही नाव लिहीत नाही, कारण साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटांवर अशी गावे पुष्कळ आहेत.

मी एसटीत वाहक होतो. ३२ वर्षे तिकिटे फाडली, २०१८ साली निवृत्त झालो. रस्ता रुंद होऊ नये असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्या गावाजवळच्या मोरीवर समोरून उसाची ट्रॉली आली की गाडी मागे घ्यावी लागते. बिनदिव्याच्या ट्रॉलीवर रात्री धडकून गेलेली माणसे मी स्वतः गाडीतून उतरून उचलली आहेत. रस्ता हवाच. पण तो वाटसरूंसाठी करायचा आणि त्यापायी वाटसरूंचेच घर पाडायचे, हे मला पटत नाही. शिवाय दुसरा काही उपाय उरला नाही म्हणून हे चालले आहे, असेही नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आमचे घर धर्मशाळेपासून हाकेच्या अंतरावर. तिची दिवाबत्ती माझ्या आजीकडे होती. त्याबद्दल ना पगार, ना वतन. सासू करायची म्हणून ती करायची. दुपारी केरसुणी फिरवायची, रांजण भरून झाकणावर तांब्या उपडा घालायची आणि तिन्हीसांजेला देवळीत पणती ठेवायची. "वाटसरूला उजेड लांबनं दिसला पायजे, मग पाय उचलतो," असे तिचे म्हणणे. तेलाची बुधली धरायचे काम माझे.

तुमच्या यादीत 'जुने दगडी बांधकाम' हे तीनच शब्द आहेत. ते बांधकाम काय आहे ते आधी सांगतो.

जोते काळ्या पाषाणाच्या घडीव चिऱ्यांचे, एके काळी मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच. ही उंची उगाच धरलेली नाही. डोक्यावरचे ओझे उतरवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. एकट्या वाटसरूने हात कोणाचा मागायचा? तो जोत्याला टेकतो, जरा वाकतो आणि गाठोडे सरळ दगडावर सरकवतो. निघताना तसेच पुन्हा डोक्यावर घेतो. मधल्या खणासमोरचा चिरा या सरकवण्याने झिजून खोलगट झाला आहे. लहानपणी आम्ही त्या खळग्यात पावसाचे पाणी साचवून होड्या सोडायचो. तो खळगा माणसांच्या ओझ्यांनी पाडला आहे हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

जोत्यावर पाच खणांची ओवरी, पूर्वेला उघडी. मागची भिंत पश्चिमेला, दोन हात जाडीची, आणि तिला एकही खिडकी नाही. आमच्याकडे पावसाचा झोड पश्चिमेकडून येतो. बांधणाऱ्याने इमारतीची पाठ पावसाकडे केली आणि तोंड उगवतीकडे. आषाढात बाहेर धो धो कोसळत असताना ओवरीत पाय पसरून बसावे, अंगावर एक थेंब येत नाही. खांब सागवानी, प्रत्येकाखाली दगडी तळखडा. लाकूड जमिनीला कुठेच टेकत नाही, म्हणून इतक्या वर्षांत खांबांना वाळवी लागलेली नाही. वर तुळया आणि कडीपाट. दर खणाच्या भिंतीत दोन कोनाडे आणि त्यांच्या बाजूला दोन खुंट्या : एका खणात दोन बिऱ्हाडे उतरावीत, असा हिशेब. दोन टोकांना दोन बंद खोल्या, आतून कडी लागणाऱ्या. लेकुरवाळी, आजारी माणूस, अंधार पडल्यावर पोचलेल्या बाया यांच्यासाठी त्या राखलेल्या असत. कुलूप त्यांना बाहेरून कधीच नव्हते. कडी आतूनच, हे मला फार मोठे वाटते.

परसात चुलींचे दगड आहेत आणि तिथल्या भिंतीवरची काजळी अजून बोटाला लागते. समोर जनावरांसाठी एका अखंड दगडात कोरलेली डोण. बैलांची दावी ओवायला जोत्याच्या चिऱ्यांनाच आरपार भोके पाडलेली आहेत. उत्तर अंगाला पायऱ्यांची बारव. तीही तुमच्या यादीत आहे, 'वापरात नसलेली विहीर, भराव टाकणे' अशा नोंदीने. गेल्या उन्हाळ्यातसुद्धा तिच्या तळाला पाणी होते. माण-खटावकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही जागा निवडली गेली तीसुद्धा मोजूनमापून. ओझ्याचा बैल दिवसाला पाच-सहा कोस जातो, त्याहून जास्त चालवला तर दुसऱ्या दिवशी बसतो. जुन्या वाटेवरचे मुक्काम बैलाच्या या ताकदीने ठरले. मीठ-धान्याचे तांडे, यात्रेकरू, शिंगणापूरला जाणारे, म्हसवडला जाणारे, सगळे याच टप्प्यांनी चालत. इंग्रज आल्यावर साहेबांसाठी बंगले झाले, बाकीची माणसे धर्मशाळेतच उतरत राहिली.

आता तुमच्या तीन 'निरंक'बद्दल.

मालक निरंक. ही नोंद खरी आहे. पण तिचा अर्थ तुम्ही उलटा लावलात. विहीर, तळे, देऊळ, धर्मशाळा बांधणे याला आपल्याकडे पूर्त कर्म म्हणत. असे काम पुरे झाले की बांधणारा ते विधिपूर्वक लोकांसाठी सोडून देई. त्यानंतर त्याचा त्यावर हक्क उरत नसे. आपण बांधलेल्या विहिरीचे पाणी तोही इतरांसारखाच एक वाटसरू म्हणून पिणार. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांतल्या पुष्कळ दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर स्वतःच्या खासगी उत्पन्नातून. त्यांच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे झाली. त्या निमित्ताने आमच्या गावातही फोटोला हार घातला गेला, भाषणे झाली, त्यात धर्मशाळांचा उल्लेख आला. तो कार्यक्रम जिथे झाला तिथून ही धर्मशाळा दिसते. जिचा मालक मुद्दामच ठेवलेला नाही अशी वास्तू 'बेवारस' होत नाही. मालकाच्या रकान्यात काही लिहायचेच असेल तर 'वाटसरू' असे लिहा.

मालक नाही म्हणून नुकसानभरपाई नाही, आणि 'हितसंबंधित' नाही म्हणून हरकत नाही, अशी तुमची सरळ मांडणी झाली. टपरीवाल्यांना नोटीस मिळाली. बाभळींसाठीसुद्धा कोणाचे तरी परवानगीचे पत्र जोडलेले आहे. धर्मशाळेसाठी कोणालाच विचारले नाही. ग्रामसभेपुढे विषय आला नाही. हरकतींची मुदत सुगीच्या ऐन धांदलीत सुरू होऊन संपली. मी वाहक होतो, कायदा शिकलेलो नाही. पण गाडीत एक जरी प्रवासी झोपलेला असेल तर त्याला उठवून विचारल्याशिवाय गाडी आगारात लावायची नाही, एवढे मला शिकवले होते.

वापर निरंक. ही नोंद मात्र खरी नाही. पाहणीला तुमची माणसे भर दुपारी आली होती. धर्मशाळेचा वापर पाहायचा तर रात्री यावे लागते.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. आमच्या शाळेची एक भिंत बसली आणि दुसरी फुगली. धर्मशाळेचा चिरा हलला नाही. गुरुजींनी फळा आणून मधल्या खणात टेकवला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत शाळा ओवरीत भरली.

त्या शाळेची आणखी एक गोष्ट आहे. ती सांगताना जड जाते, पण ती गाळून धर्मशाळेचे गुणगान करणे मला जमणार नाही. तोवर आमच्या धर्मशाळेत सगळ्यांना जागा नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसाने बाहेर वडाखाली उतरायचे, डोणीच्या पलीकडे. त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. माझी आजी तसेच ओतायची, मी पाहिले आहे. संत गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली ती याचसाठी, की जी माणसे विठ्ठलाकडे निघाली होती त्यांनाच पंढरीत कोणी पडवी देत नव्हते. पुढे १९४९ साली बाबांनी ती धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आमच्या गावात मात्र हे बदलायला भूकंप व्हावा लागला. बौद्धवाड्यातली मुले आमच्या वर्गात होतीच. त्या डिसेंबरात ती प्रथमच धर्मशाळेच्या जोत्यावर चढली. पहिल्या दिवशी गावातल्या दोघा-तिघांनी तोंड वाकडे केले. गुरुजी म्हणाले, "जागा बदलली आहे, वर्ग तोच आहे." तेवढेच. आठवडाभरात रांजण एक झाला. आजीनेच तो भरला. माझ्याशेजारी बसणारा मित्र आजही म्हणतो की गावातली पहिली मोकळी जागा त्याला तिथे मिळाली. पाडापाडीला सर्वांत आधी विरोध करणाऱ्यांत तोही आहे.

१९७२ च्या दुष्काळात पूर्वेकडून कामाला आलेली कुटुंबे दोन हिवाळे धर्मशाळेत राहिली. याच रस्त्याची खडी तेव्हा फुटत होती. ती फोडणाऱ्यांत माझी आई होती. दुपारी सुकडीचे वाटप जोत्यावर व्हायचे. तुम्ही ज्या रस्त्याला रुंद करायला निघाला आहात त्याच्या पोटातले दगड फोडणारी माणसे धर्मशाळेत निजलेली आहेत, एवढे लक्षात असू द्या.

पुढे एसटीची मुक्कामी गाडी आमच्या गावाला आली. रात्री साडेनऊला यायची, पहाटे साडेपाचला निघायची. चालक-वाहक कुठे निजायचे? उत्तरेच्या खोलीत. त्या दोघांना चहा नेऊन द्यायचो, तिथेच मला खाकीची ओढ लागली. मी स्वतः वाहक झाल्यावर किती जणांना त्या ओवरीत उतरवले याची मोजदाद नाही. शेवटची गाडी चुकलेले, पुढची वाट पाण्याखाली गेलेले, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली एक पोर, तिच्या कडेवर तान्हे मूल. त्या रात्री आजी खोलीच्या उंबऱ्याबाहेर निजली होती.

आजही आषाढात तीन लहान दिंड्या आमच्याकडे मुक्काम करतात. त्या मोठ्या पालख्यांच्या वाटेवरच्या नाहीत, त्यांच्यामागे टँकर आणि तंबू नसतात. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेला जाणारे धनगर आणि परतणारे धनगर बारवेपाशी थांबतात. ऊसतोडीच्या गाड्या थांबतात. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेली माणसे गावाने वेशीत घेतली नाहीत, कारण सगळेच भ्यालेले होते. पण त्यांना धर्मशाळा दाखवता आली. भाकरी जोत्यावर ठेवून मागे सरायचे, ती त्यांनी घ्यायची. काही राहिले दोन रात्री, काही आठवडाभर. धर्मशाळा नसती तर त्या दिवसांत आमच्या हातून काय झाले असते, हा विचार मला अजून करवत नाही.

एवढे सगळे 'निरंक' या शब्दात कसे मावले?

मूल्यांकन निरंक. तुमच्या अहवालात ओल, भिंतीला तडे, जोते खचलेले आणि पावसाचे पाणी आत शिरते, अशी चार कारणे आहेत. चारही मी मान्य करतो. ही दुखणी इमारतीला कोणी लावली ते सांगणे मात्र राहून गेले आहे.

जोते खचलेले नाही. रस्ता वर आला आहे. माझ्या आयुष्यात या रस्त्यावर डांबराचे थर किती चढले! प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता वर नवा टाकला. छातीला लागणारे जोते आज गुडघ्याला लागते, बाकीचे मातीत आणि डांबरात आहे. डोण तर काठापर्यंत गाडली गेली. रस्ता उंच आणि गटार नाही, मग पाऊस धर्मशाळेत नाही शिरणार तर कुठे जाणार?

ओल आणि तडे सिमेंटचे आहेत. जुनी भिंत चुन्यात बांधलेली. चुनखडी भाजायची, विरवायची, मग वाळूबरोबर घाणीत बैल लावून दिवसच्या दिवस मळायची. कोणी त्यात गूळ घाली, कोणी बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, वाखाचे तुकडे. असा चुना सावकाश कडक होतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते सांध्यांवाटे सोडून देते. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणाचा निधी आला आणि ठेकेदाराने दरजा खरवडून सिमेंट भरले, खालून चार फूट गिलावा चढवला. भिंतीचा श्वास बंद झाला. पाणी आत कोंडले, दोन दगडी पाखांमधली भर फुगली आणि तडे गेले. हे मला शेजारच्या गावच्या एका वृद्ध गवंड्याने भिंतीवर हात ठेवून दाखवले. गिलावा संपतो त्याच्या वरची भिंत कोरडी आहे, तिथे एकही तडा नाही. तुम्ही स्वतः हात लावून बघा. त्याच निधीतून कौले काढून पत्रे टाकले. तेव्हापासून ओवरी दुपारी तापते, त्याआधी कधी तापत नव्हती.

आणि सर्वांत मोठे नुकसान रंगाने झाले. ओवरीच्या उत्तरेकडच्या भिंतीत एक शिलालेख आहे, पाच ओळींचा, देवनागरी. लहानपणी आम्ही त्याच्या अक्षरांतून बोट फिरवायचो. सुशोभीकरणात त्यावर ऑइल पेंटचे दोन हात बसले आणि वर 'स्वच्छ गाव सुंदर गाव' लिहिले गेले. आता अहवालात लिहिले आहे की बांधकामाचा काळ समजत नाही. समजेल कसा? याच जिल्ह्यात लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे. तिचा लेख वाचता येतो, म्हणून शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधली हे आज शाळेतले पोरही सांगते, आणि लांबलांबून लोक ती पाहायला येतात. आमच्याही दगडात कोणीतरी आपला शक कोरून ठेवला आहे. लेख वाचल्याशिवाय धर्मशाळा अमक्याची तमक्याची असे मी म्हणणार नाही. तो वाचल्याशिवाय तिचे मूल्य शून्य, असे तुम्हीही म्हणू नका.

१८६७ साली इंग्रजांनी सराईंसाठी एक कायदा केला होता. प्रवाशांच्या निवाऱ्याची जागा चालवणाऱ्याने खोल्या, पडव्या, गटारे आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, दरवाजे, भिंती, छपरे दुरुस्त ठेवावीत, पहारेकरी नेमावा आणि दरपत्रक लावावे, असे त्यात लिहिलेले होते. तो कायदा तुम्हाला लागू करा असे माझे म्हणणे नाही. वाटसरूच्या छपराची डागडुजी हे कोणाचे तरी बांधील काम आहे, एवढे तरी त्या परक्या सरकारने कागदावर मान्य केले होते. आपल्या संविधानाने तर वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून ५१ क या अनुच्छेदात लिहून ठेवले आहे. ही वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. नाही, हे खरे. नाव यादीत घालावे म्हणून कोणी कधी प्रस्तावच पाठवला नाही.

सरपंचताई, आता दोन शब्द तुमच्याशी. तुम्ही आमच्या सूनबाई, कामाला खमक्या आहात, नळाचे पाणी तुमच्यामुळे वाडीपर्यंत गेले हे मी सगळ्यांना सांगतो. धर्मशाळा पडल्यावर उरलेल्या जागेत गाळे काढायचे आणि त्यांच्या भाड्यावर पंचायतीचा खर्च भागवायचा, असा विचार सुरू असल्याचे ऐकतो. पंचायतीला पैसा लागतो, मान्य. पण ती जागा पंचायतीला राखायला मिळालेली आहे, विकायला किंवा भाड्याने द्यायला नाही. तुमच्या सासूबाई आजीच्या पश्चात कित्येक वर्षे तिथे पणती लावत होत्या. त्यांना एकदा विचारा.

एका साहेबांनी असेही सुचवले की दगडांना नंबर टाकून धर्मशाळा गावामागच्या मोकळ्या जागेत पुन्हा उभी करू. सूचना चांगल्या मनाने केली होती, पण वाटेवरून उचललेली धर्मशाळा कोणाच्या उपयोगाची? बारव काय उचलून नेणार आहात? आणि रस्त्याला स्टीलचा बस थांबा देऊ, हे तिच्या बदल्यात सांगू नका. त्या थांब्यात तिघांना बसता येते. निजता कोणालाच येत नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

धर्मशाळा आणि बारव यांना हात लावण्याचे काम आज थांबवा, आणि थांबवल्याचे लेखी द्या.

शिलालेखावरचा रंग जाणकाराकडून काढून घ्या. ग्राइंडर नको, वाळूचा फवारा नको, ॲसिड तर मुळीच नको. अक्षरे एकदा गेली की गेली. मग ठसा घेऊन लेख वाचून घ्या. त्याच वेळी पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून इमारतीची मोजमापे आणि नकाशे करून घ्या आणि संरक्षणाचा प्रस्ताव रीतसर पाठवा.

रस्त्याची आखणी बदला. तुमच्याच नकाशात धर्मशाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे सरकारी पडीक जमीन दाखवलेली आहे. वाढीव रुंदी दोन्ही अंगांनी सारखी घेण्याऐवजी या टप्प्यात एकाच अंगाने घेतली तर काम भागते. हे अशक्य नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या वाटेत एक जुना वड येत होता. २०२० साली लोक उभे राहिले आणि आखणी बदलली गेली. पुढे तो वड पावसात कोसळला, पण त्याला यंत्र लागले नाही. आमच्या धर्मशाळेच्या वाट्याला तेवढे तरी येऊ द्या.

रस्त्याचे काम करतानाच धर्मशाळेपुढे खोल गटार काढा आणि जोत्यासमोरचा भराव हटवून डोण मोकळी करा. सिमेंटचा गिलावा उतरवून भिंत एक उन्हाळा तशीच उघडी वाळू द्या, मग दरजा चुन्याने भरा. कौले परत चढवा. यासाठी चुन्याचे काम येणारा गवंडी हवा, सर्वांत कमी दराची निविदा भरणारा ठेकेदार नव्हे.

पंचायतीने विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, रात्री ठेवावा, म्हणजे शेतावरची माणसे येतील. आणि मालमत्तेच्या नोंदवहीत धर्मशाळा 'वाटसरूंच्या उपयोगासाठी, अहस्तांतरणीय' अशी चढवावी. गाळ्यांचा विचार सोडावा.

आमच्याकडून काय, असे विचाराल तर भराव उपसायला आणि बारवेतला गाळ काढायला आम्ही माणसे तयार आहोत. दिंडीवाल्यांनीही एक दिवस श्रमदानाचा शब्द दिला आहे. कौलांसाठी माझ्या निवृत्तीच्या पैशातून जमेल ते मी देईन.

पुन्हा एकदा पाहणीला या, एवढी विनंती आहे. दुपारी येऊ नका. सूर्य वर आला की अर्ध्या तासाने या. त्या वेळी ऊन ओवरीत आडवे शिरते आणि उत्तरेच्या भिंतीवरून घासत जाते. त्या तिरप्या उजेडात रंगाच्या दोन थरांखालूनही अक्षरांच्या कडा वर येतात. तिसऱ्या ओळीत 'शके' हे दोन वर्ण मला तरी स्पष्ट दिसतात. पुढचे आकडे तुम्ही बघा. मी सहा वाजल्यापासून जोत्यावर असतो.

आपला,
गावातलाच एक निवृत्त एसटी वाहक